उशिरा उंच झालेला स्टॉपर: व्हान डाइकची सुरुवातीची वर्षं

मुठाकाठ:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. निमित्त घरचंच आहे. मुलगा पंधरा पूर्ण, डिफेन्समधे खेळतो. वर्षभरात चार इंच वाढला आणि खेळ पार विस्कटला. पूर्वी चपळ होता, आता वळायला वेळ लागतो, गुडघ्याखाली दुखतं म्हणून प्रॅक्टिस अर्धी सोडून येतो. ज्या अकादमीत तीन वर्षं जात होता त्यांनी यंदाच्या यादीतून नाव काढलं. कोच एवढंच म्हणाले, "स्लो झालाय." पोरगं दोन दिवस जेवलं नाही नीट.

त्याला काहीतरी दाखवावं म्हणून मी व्हर्जिल व्हान डाइकबद्दल वाचायला घेतलं आणि मीच अडकलो. लिव्हरपूलचा हा भिंतीसारखा डच स्टॉपर, म्हणजे डिफेन्समधला मधला माणूस, १६-१७ वर्षांचा असताना नेदरलँड्सच्या विलेम टू क्लबच्या युवा संघात साधासा राइट बॅक (उजव्या कडेचा डिफेंडर) होता, तोही पहिली पसंती नव्हे. मग एकदम १८ सेंटीमीटर वाढला, मांडीचे सांधे आणि गुडघे कुरकुरायला लागले. शिवाय ब्रेडामधल्या एका हॉटेलात भांडी घासायचं काम करायचा, आणि मालकाने त्याला सांगितलं होतं की फुटबॉलचं काही खरं नाही, इथेच तास वाढव. २०१० मधे विलेम टूने त्याला ग्रोनिंगेन या दुसऱ्या डच क्लबला जाऊ दिलं, एक पैसा न घेता.

तर प्रश्न असा. एवढा मोठा डिफेंडर इतकी वर्षं कुणालाच कसा दिसला नाही? आणि दुसरं, २२ व्या वर्षी तो स्कॉटलंडला सेल्टिककडे गेला ती दोन वर्षं वाया गेली की तिथेच तो घडला? मला दुसरं पटतं, पण जाणकारांचं मत हवंय.

अर्ध्यावर_शिट्टी:
पहिला! आधी क्लीन प्लेट, मग क्लीन शीट (गोल न खाता काढलेली मॅच). माणसाने कामात सातत्य ठेवलं बघा.

काका, पोराला सांगा जेव नीट. बाकी सविस्तर नंतर लिहितो.

लालकाठ:
विषय काळजाजवळचा आहे म्हणून जरा मोठं लिहितेय. मी २०१८ च्या १ जानेवारीपासून या माणसाची भक्त आहे. साडेसात कोटी पौंड, डिफेंडरसाठी तेव्हाचा जागतिक विक्रम, आणि पहिलीच मॅच ५ जानेवारीला एव्हर्टनशी, एफए कपची, त्यात ८४ व्या मिनिटाला हेडरने विजयी गोल. मी सोफ्यावरून उडी मारली होती, सासूबाई देवघरातून बाहेर आल्या.

पण आपण सगळे त्या दिवसापासून त्याची गोष्ट सांगतो. त्याआधी ग्रोनिंगेनमधे तो नुसता वरच्या पायरीची वाट बघत बसला होता असं नाही. मे २०११ ला एडीओ डेन हागविरुद्ध बदली म्हणून पहिल्यांदा उतरला. त्याच महिन्याच्या शेवटी त्याच टीमविरुद्ध युरोपा लीगच्या प्लेऑफमधे पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला आणि पहिले गोलही तेव्हाच केले. ग्रोनिंगेन दोनपैकी पहिली मॅच ५-१ ने हरलेली, ही ५-१ ने जिंकली, आणि मग पेनल्टीवर हरली! माझ्या टीमचं असं झालं असतं तर मी आठवडाभर बोलले नसते कुणाशी.

आणि मग २०१२ चं आजारपण. आधी अपेंडिक्स, त्यातून पोटात पसरलेला संसर्ग, मूत्रपिंडापर्यंत. वीस वर्षांचा मुलगा हॉस्पिटलमधे मृत्युपत्रासारख्या कागदावर सही करतोय, मी गेलो तर माझ्या पैशातला भाग आईला मिळावा म्हणून. त्याने स्वतः हे सांगितलंय. नंतर वजन पार उतरलेलं, चालायलाही त्रास. तिथून उठून पुढच्या सीझनला परत नेहमीसारखा खेळायला लागला. मुठाकाठ, तुमच्या लेकाला हा भाग सांगा.

उत्तरेकडचा_वारा:
मी गेली सहा वर्षं ग्रोनिंगेनमधेच आहे, म्हणून राहवलं नाही. आधी उच्चार: इथे कुणी ग्रोनिंगेन म्हणत नाही, सुरुवात खाकरल्यासारखी करायची, ख्रोनिंगन. मला पहिले सहा महिने लागले, पाणीपुरीचा ठसका लागल्यावर जमलं.

आडनावाचंही सांगतो. डाइक म्हणजे आपला बांध. समुद्र आणि नदी अडवायला घातलेला. व्हान डाइक म्हणजे बांधावरचा. स्टॉपरला याहून बरं आडनाव कुठलं मिळणार?

आता मुद्दा. ग्रोनिंगेन देशाच्या उत्तर टोकाला. पैसा कमी, म्हणून इथला क्लब जगतोच मुळी इतरांनी सोडलेली किंवा न पाहिलेली पोरं हेरून. नेदरलँड्सचा विंगर रॉबेन जवळच्या बेडुमचा, इथूनच वर गेला. लुइस सुआरेझ उरुग्वेहून थेट इथे आला, एक सीझन खेळला आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या अजाक्सने उचलला. व्हान डाइकला हेरलं ते मार्टिन कूमान यांनी, रोनाल्ड कूमानचे वडील, तेव्हा क्लबसाठी खेळाडू बघायचे. आणि पाच वर्षांनी, २०१५ मधे, इंग्लंडच्या साउथहॅम्प्टनचा मॅनेजर म्हणून त्याच पोराला विकत कुणी घेतलं? मुलाने, रोनाल्डने. बापाने फुकट आणला, लेकाने एक कोटी तीस लाख पौंड मोजले. माझ्या ऑफिसमधल्या एका वयस्कर डच माणसाने मला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा असा फुलला होता की जणू कूमान घराणं त्याचंच.

तेव्हा "कुणालाच दिसला नाही" हे पूर्ण खरं नाही. मोठ्यांना दिसला नाही. पोटापाण्यासाठी ज्यांना नीट बघावंच लागतं त्यांना दिसला.

गोलजाळी:
वारा, सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

तिसरा_पंच:
थोडा विरोधी सूर लावतो. सेल्टिकची दोन वर्षं म्हणजे घडवणारी वगैरे मला पटत नाही. त्या काळात सेल्टिकचा मोठा प्रतिस्पर्धी रेंजर्स आर्थिक दिवाळखोरीमुळे खालच्या डिव्हिजनमधे. लीगमधे सेल्टिकला विचारणारं कुणी नाही. २०१३-१४ आणि २०१४-१५, दोन्ही वेळा लीग सहज खिशात. अशा ठिकाणी डिफेंडर शिकणार काय? अर्धा वेळ बॉल त्याच्याच पायात. तो तिथे कंटाळून निवांत खेळायचा असं तेव्हा बरेच जण म्हणायचे, आणि नेदरलँड्सचा तेव्हाचा कोच लुईस व्हान खालने २०१४ च्या वर्ल्डकपला नेलं नाही त्यामागे हेच कारण असणार. नेदरलँड्सकडून पहिली मॅच खेळला ती ऑक्टोबर २०१५ ला, कझाकस्तानशी, म्हणजे इंग्लंडला गेल्यावर सव्वा महिन्यात. चोवीस वर्षांचा झाला होता तोवर. माझ्या मते एकविसाव्या वर्षीच एखाद्या मोठ्या लीगमधे गेला असता तर दोन-तीन वर्षं आधीच हा व्हान डाइक दिसला असता.

पेठेतला_स्टॉपर:
पंच साहेब, दंडवत, पण साफ चूक. आमच्या कोल्हापुरात लेफ्ट-राइट सोडून मधल्याला स्टॉपरच म्हणतात आणि मी बारा वर्षं तिथंच उभा राहिलोय, म्हणून हक्कानं सांगतो. स्टॉपर काय बॉल काढून घेतल्यानं होत नाही भावा, चूक केल्यावर पुढच्या मॅचला परत उभा राहिल्यानं होतो. शाहू स्टेडियम भरलेलं असतंय, अख्खी पेठ बघत असती, तुझ्या एका चुकीनं गोल बसला की चहाच्या टपरीपर्यंत लोक ऐकवत येत्यात. सोळाव्या वर्षी मी तिशीतल्या गड्यांना अडवत होतो. अंगावर येऊन आदळायचे. तेवढ्यानंच शिकलो.

सेल्टिकला तेच झालं की. साठ हजाराचं स्टेडियम, आणि जिंकलास तर त्यात काय विशेष, हरलास तर मात्र खैर नाही. तुम्ही अख्खी लीग सोपी म्हणताय, ती फेब्रुवारी २०१४ ची अ‍ॅबरडीनची मॅच बघा. सेल्टिकचा गोलकीपर फ्रेझर फॉर्स्टर लीगमधे १२५६ मिनिटं गोल न खाता आलेला, स्कॉटलंडचा रेकॉर्ड. आणि त्या दिवशी आपल्या व्हान डाइक भाऊंनी सुरुवातीलाच सुटलेल्या माणसाला मागून पाडलं, रेड कार्ड. मग अ‍ॅबरडीनच्या जॉनी हेजनं गोल मारला. रेकॉर्ड तिथंच तुटला आणि सीझनभर लीगमधे न हरलेली टीम हरली. विचार करा, बावीस वर्षांचं पोरगं, मित्राचा रेकॉर्ड आपल्यामुळं गेला. असं एक झोंबलं की पुढं दहा वर्षं माणूस मागून हात घालत न्हाई.

तिसरा_पंच:
ही मॅच विसरलो होतो. मान्य, चांगला मुद्दा. पण एक रेड कार्ड म्हणजे शाळा नव्हे.

लालकाठ:
एक कुठे, दोन! फेब्रुवारी २०१५, मिलानचं सान सिरो स्टेडियम, इंटरविरुद्ध युरोपा लीग. घरी ग्लासगोमधे ३-३ झालेली, परतीच्या मॅचला हा पहिल्या हाफमधेच दुसरं पिवळं घेऊन बाहेर. दहा जण जवळजवळ शेवटपर्यंत लढले आणि ८८ व्या मिनिटाला गोल खाल्ला. त्याआधी २०१३ मधे चॅम्पियन्स लीगला बार्सिलोनात ६-१, नेमारची हॅटट्रिक. आणि शेवटच्या ऑगस्टमधे स्वीडनच्या माल्मोकडून हरून चॅम्पियन्स लीग हुकली, लगेच हा साउथहॅम्प्टनला गेला.

आज आपण म्हणतो हा टॅकल करतच नाही, नुसता उभा राहून समोरच्याला वाट चुकवायला लावतो. ते आभाळातून पडलं नाही. घाईघाईने जाऊन भिडण्याची किंमत त्याने युरोपात लोकांसमोर मोजलीये.

उत्तरेकडचा_वारा:
एक भर. २०१३ च्या उन्हाळ्यात अजाक्सलाही डिफेंडर हवा होता. त्यांनी घेतला उट्रेख्टचा माइक व्हान डर होर्न. व्हान डाइक साधारण २६ लाख पौंडांत सेल्टिकला गेला. आणि गंमत म्हणजे त्याच शरद ऋतूत चॅम्पियन्स लीगच्या गटात सेल्टिक आणि अजाक्स समोरासमोर आले. ग्लासगोला सेल्टिक २-१ ने जिंकलं, अ‍ॅमस्टरडॅमला अजाक्स १-० ने.

पंच म्हणतात तसं एकविसाव्या वर्षी मोठ्या लीगमधे गेला असता तर, हे मलाही वाटायचं. पण मोठ्या क्लबमधे त्या वयाचा डिफेंडर बाकावर बसतो. मधल्या फळीतला पोरगा वीस मिनिटं आत टाकता येतो, पुढचाही येतो. स्टॉपर कोण बदलतं हो उगाच? त्यामुळे त्याला सलग मॅच मिळणं हेच सोनं.

अर्ध्यावर_शिट्टी:
आलो परत. अवांतर आहे पण सेल्टिक म्हटल्यावर लिहिलंच पाहिजे. १९३६ साली सेल्टिककडून एक भारतीय खेळला होता! मोहम्मद सलीम, कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगचा विंगर. अनवाणी. पायाला पट्ट्या बांधून दोन मॅच खेळला आणि स्कॉटिश लोक वेडे झाले. त्यांनी राहा म्हटलं तरी घरच्या ओढीने परत आला. व्हान डाइकच्या ७७ वर्षं आधी.

पेठेतला_स्टॉपर:
नाद खुळा! हे माहीतच नव्हतं. आज संध्याकाळी तालमीत सगळ्यांना सांगतो.

गोलजाळी:
अवांतरात भर: आपला संदेश झिंगान २०२१ मधे क्रोएशियाच्या शिबेनिककडे गेला होता, २८ व्या वर्षी. दुखापतीने एकही मॅच न खेळता परत यावं लागलं. फार वाईट वाटलं होतं. बाहेर जायचं तर वयाने लवकर आणि शरीराने धड असताना जायला हवं, आपल्याकडे दोन्ही जुळत नाही.

तोफखाना_९८:
आर्सेनलवाला आहे, मार बसेल हे धरून लिहितो. विलियम सालिबाचं उदाहरण घ्या. २०१९ ला १८ व्या वर्षी २ कोटी ७० लाख पौंडांना घेतला आणि आर्सेनलसाठी लीगची पहिली मॅच खेळला ऑगस्ट २०२२ ला, क्रिस्टल पॅलेसशी. मधली तीन वर्षं लोनवर, म्हणजे उसना, फ्रान्सच्या सेंट एतियेन, नीस, मार्सेय या क्लबांत. आम्ही फॅन लोक ओरडून थकलो की खेळवा त्याला. मधल्या काळात त्याची आई गेली, एकटा पडला होता. मार्सेयच्या सीझननंतर फ्रेंच लीगचा सर्वोत्तम तरुण खेळाडू होऊन आला तेव्हा कळलं पोरगं मॅचमधेच तयार होतं, ट्रेनिंग ग्राउंडवर नाही. म्हणून माझं मत वाऱ्याच्या बाजूने.

लालकाठ:
तोफखाना, आज मारणार नाही. बरोबर बोललास.

तिसरा_पंच:
मग उलट उदाहरण देतो. सेल्टिकमधेच २०१४-१५ ला व्हान डाइकच्या शेजारी कोण होतं? जेसन डेनायर, मँचेस्टर सिटीचा, लोनवर, एकोणीस वर्षांचा. त्या वर्षी स्कॉटलंडचा सर्वोत्तम तरुण खेळाडू तो ठरला. तीच लीग, तेच मैदान, त्याच मॅच. पुढे गलातासराय, संडरलंड, परत गलातासराय अशी लोनवर लोन, सिटीसाठी लीगमधे कधी उतरलाच नाही. चांगला खेळाडू, ल्योनला छान खेळला, पण व्हान डाइक झाला नाही. म्हणजे सेल्टिकने घडवलं म्हणणं सोपं आहे.

उत्तरेकडचा_वारा:
पंच, तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे असं मला वाटतं. डेनायर दर उन्हाळ्यात बॅग भरत होता. नवा देश, नवी भाषा, नवा जोडीदार. व्हान डाइकने ग्रोनिंगेनला लीगच्याच ६२ मॅच खेळल्या, सेल्टिकला सगळ्या मिळून ११५, साउथहॅम्प्टनला ८०, तिथे शेवटी कप्तानही झाला. लिव्हरपूलला पोचला तेव्हा अडीचशेच्या वर सामने पायाखाली होते. आणि प्रत्येक पायरी एकच इंच वर. नील लेनन, सेल्टिकचा मॅनेजर, त्याला आल्याआल्याच म्हणाला होता की मजा करून घे, तू काही इथे फार दिवस राहणार नाहीस. तरी दोन सीझन राहिला.

तिसरा_पंच:
हम्म. हे मला पटतंय. लीग सोपी होती या मतावर ठाम, पण वाया गेली हा शब्द मागे घेतो.

हाडवैद्यीण:
मी लहान खेळाडूंबरोबर काम करणारी फिजिओ. धागा मस्त चाललाय पण मुठाकाठ यांचा मूळ प्रश्न मागे पडला, तिकडे येते.

मुलगे साधारण चौदाच्या आसपास सगळ्यात वेगाने वाढतात, पण हे साधारण झालं. कुणी बाराव्या वर्षी वाढतो, कुणी सोळाव्या. त्यामुळे एकाच वयोगटाच्या टीममधे खरं तर दोन-तीन वेगवेगळ्या वयांची शरीरं असतात, आणि कोच जे निवडतात त्यात पुष्कळदा लवकर वाढलेला मुलगा निवडला जातो, चांगला खेळणारा नव्हे. त्यात मुलगा वर्षाच्या शेवटी जन्मलेला असेल तर आणखी पंचाईत, गटात तोच सगळ्यात लहान. इंग्लंडमधल्या अकादमी म्हणूनच कधीकधी वयाऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे गट करून मॅच खेळवतात, बायो-बँडिंग म्हणतात त्याला.

वाढताना हाड आधी लांब होतं, स्नायू मागून येतो. मधल्या काळात सगळं ताणलेलं असतं. पायांची लांबी बदलली की मेंदूला जुना हिशोब उपयोगी पडत नाही, म्हणून पोरं स्वतःच्याच पायात अडखळतात. "स्लो झालाय" ते हेच. गुडघ्याच्या वाटीखाली जिथे स्नायूची दोरी हाडाला चिकटते तिथे दुखत असेल, दाबल्यावर टेंगूळ लागत असेल, तर बहुतेक ऑसगुड-श्लॅटर. नाव भयंकर आहे, दुखणं नाही. पूर्ण बंद करायची गरज सहसा नसते. उड्या, जोरात पळणं, कडक मैदान हे काही महिने कमी करायचं, मांडीचे स्नायू सैल ठेवायचे, बॉलवरचा हात, म्हणजे पाय, चालू ठेवायचा. वाढ थांबली की दुखणं सहसा जातं. पण एकदा प्रत्यक्ष डॉक्टरला दाखवा, माझ्या प्रतिसादावर विसंबू नका.

आणि एक. व्हान डाइक लहानपणी बुटका राइट बॅक होता म्हणूनच त्याला बॉल खेळता येतो. ज्याला अंगाने जिंकता येत नाही तो नजरेने आणि पायाने जिंकायला शिकतो. मग वरून उंची मिळाली. तुमचा मुलगाही आत्तापर्यंत चपळ होता म्हणता. ते कुठे जात नाही.

मुठाकाठ:
हाडवैद्यीण ताई, काय लिहू. प्रतिसाद बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. तो डिसेंबरचा जन्म आहे आणि टेंगूळ आहे.

पेठेतला_स्टॉपर:
काका, पोराला सांगा कोल्हापूरचा एक स्टॉपर म्हणतोय, व्हान डाइकचा २६ डिसेंबर २०१३ चा सेंट जॉनस्टनविरुद्धचा गोल बघ. आपल्या हाफातनं बॉल घेऊन निघालाय गडी आणि एकेकाला ओलांडत थेट गोल. लीगची मॅच, १-० तेवढ्यावरच जिंकली. स्टॉपरनं असा गोल मारलेला मी डोळ्यानं बघितला नसता तर खोटं म्हटलो असतो.

मुठाकाठ:
तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला. डॉक्टरांकडे गेलो, ताईंनी लिहिलं तेच निघालं. दोन महिने उड्या आणि स्प्रिंट बंद, बाकी चालू. तो गोल आमच्याकडे रोज जेवताना लागतो, मला आता कुठल्या क्षणी कॉमेंटेटरचा आवाज चढतो तेही पाठ झालंय. पोरगं सध्या सोसायटीच्या पार्किंगमधे लहान मुलांबरोबर खेळतं, पळायचं नाही म्हणून एका जागी उभं राहून पास देतं, आणि परवा मला म्हणालं, बाबा, न पळता खेळायचं तर आधीच बघून ठेवावं लागतं. मी काहीच बोललो नाही, फक्त ताटात पोळी वाढली.

दुसरी अकादमी शोधायची घाई नाही असं आम्ही तिघांनी ठरवलंय. पण दोन महिन्यांनंतर कुठेतरी मॅच मिळायला हव्यात, मोठ्यांबरोबर चालतील. पुण्यात कुणाच्या रविवारच्या टीममधे जागा आहे का?

तोफखाना_९८:
काका आम्ही कोथरूडला खेळतो, रविवारी सकाळी सात, सगळे तिशी-पस्तिशीचे, शिव्या देत नाही आणि मुद्दाम पाय घालत नाही. आमचा स्टॉपर नोव्हेंबरात बंगळूरला चाललाय. पाठवा त्याला. मैदान टणक आहे, लांब स्टडचे बूट नकोत, साधे टर्फचे चालतील. आणि पहिल्या दिवशी तुम्ही पण या, चहा आपल्याकडून.